राखेच्या पाण्यातले हमाल

भुसावळहून वरणगावच्या दिशेने महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात उंच धुरांडी दिसायला लागतात. ते दीपनगर. औष्णिक वीज केंद्राभोवती उभी राहिलेली वसाहत, आणि नावातच दिवा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथे वीजनिर्मिती सुरू झाली. मग २१० मेगावॅटचे संच आले, त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन, आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून येतं, वीज तारांवरून राज्यभर जाते. मागे उरते ती राख.

किती राख? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करण्याइतका सोपा हिशेब आहे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ७,८०० टन कोळसा. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण बरंच, ३० ते ४५ टक्के. ३५ धरूया. म्हणजे एका संचाची एका दिवसाची राख २,७०० टनांच्या पुढे. आता समजा, त्या कोळशाच्या एका टनात आर्सेनिक आहे फक्त एक ग्रॅम. दिवसाचं आर्सेनिक झालं ७ किलो ८०० ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये आर्सेनिक चालतं ते ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. हे दीपनगरचं मोजमाप नाही, नुसता गुणाकार आहे. पण 'अत्यल्प प्रमाण' या शब्दांना राखेच्या डोंगरापुढे काय अर्थ उरतो, ते त्यातून कळतं.

राखेचा एक भाग सुका उचलला जातो आणि सिमेंटला, विटांना जातो. बाकीची पाण्यात कालवून पाइपातून तळ्यात सोडायची, ही जगभरातल्या वीज केंद्रांची जुनी रीत. दीपनगरची अशी जागा म्हणजे वेल्हाळ्याचा ॲश पॉन्ड. राख तळाशी बसते, वर पाणी राहतं. पण राखेच्या कणांवर चिकटलेलं सगळंच तळाशी बसत नाही. शिसं, जस्त यांसारखे धातू अल्कधर्मी राखेत बऱ्यापैकी अडकून पडतात. आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम यांची काही रूपं मात्र नेमकी अशाच पाण्यात मोकळी होतात. (आर्सेनिक आणि सेलेनियम काटेकोर अर्थाने धातू नाहीत. पण प्रदूषणाच्या चर्चेत त्यांना 'जड धातूं'च्याच रांगेत बसवतात, म्हणून इथेही तसंच.)

या ठिकाणी दर काही महिन्यांनी एक बातमी आपल्या फोनवर येते: जड धातू 'खाणारे' जिवाणू सापडले, आता प्रदूषित पाणी स्वच्छ होणार. बातमी खोटी नसते. पण 'खाणारे' या शब्दात एक गोची आहे. तेलाचा तवंग जिवाणू खाऊ शकतात, कारण तेल म्हणजे कार्बनची साखळी. ती तोडली की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आर्सेनिक मूलद्रव्य आहे. ते तोडायचं कशात? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर धातूंना डिलीटची कमांडच नाही, फक्त मूव्ह आहे. जिवाणू धातू एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतात, किंवा त्याचं रूप बदलतात. भुसावळसारख्या जंक्शनच्या भाषेत, ते हमाल आहेत.

मग प्रश्न हमालीबाबत आपण जो विचारतो तोच: माल गेला कुठे, आणि तिथे तो उतरवून घ्यायला कोण उभं होतं? जिवाणूंनी धातू काढण्याचा शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या आधाराने वाचता येतो.

गुरांच्या हौदातली चोरी

सुरुवात दक्षिण आफ्रिकेत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गुरांच्या गोचिडी मारायला आर्सेनिकच्या पाण्याचे हौद असत. गुरं एकामागून एक त्या हौदातून पोहत न्यायची. पण हौदातलं पाणी काही काळाने 'उतरायचं'. आर्सेनिक तेवढंच, तरी गोचिडींवर परिणाम कमी. एच. एच. ग्रीन या संशोधकाने १९१८ साली याचं कारण दाखवलं. हौदाच्या पाण्यात एक जिवाणू होता, जो आर्सेनाइटचं आर्सेनेट करत होता. आर्सेनाइट जास्त विषारी, आर्सेनेट कमी. धातू हौदातच होता, फक्त त्याचं रूप बदललं होतं.

ग्रीनच्या त्याच निबंधात दुसराही एक जिवाणू आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो उलटं काम करत होता: आर्सेनेटचं आर्सेनाइट. एकाच हौदात विष उतरवणाराही होता आणि चढवणाराही.

पुढे ऐंशी वर्षांनी बंगालच्या खोऱ्यात याच गोष्टीची भीषण आवृत्ती दिसली. तिथल्या लाखो हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. ते कुठल्या कारखान्याने टाकलेलं नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना ते चिकटलेलं होतं. जमिनीखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू लोहाचं रूप बदलतात, लोहाची पकड सुटते आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. म्हणजे जिवाणू जिथे धातू उचलतात तिथे ते सोडतातही. वर हवा असलेलं पाणी आणि खाली हवा नसलेला चिखल अशी ज्या तळ्याची रचना असते, त्या तळ्यात या दोन्ही पाळ्या एकाच वेळी चालू असू शकतात. ॲश पॉन्डकडे बघताना हे विसरून चालत नाही.

पारा हवेत उडाला

जिवाणू विषारी धातूत जगतात कसे, याचा उलगडा मात्र नदीकाठी झाला नाही. तो झाला इस्पितळातल्या जंतूंवरच्या कामातून. एके काळी जखमेवर लावायच्या औषधांत पाऱ्याची संयुगं सर्रास असत. १९६०च्या दशकात असं लक्षात आलं, की पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू बऱ्याचदा पाऱ्यालाही दाद देत नाहीत. १९६४मध्ये रिचमंड आणि जॉन यांनी या दोन्ही गुणांची जनुकं सोबतच प्रवास करतात हे दाखवलं. १९६८मध्ये नोविक आणि रॉथ यांनी अशा जंतूंच्या प्लाझ्मिडवर आणखी धातूंना तोंड देणारे गुण दाखवले. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं, छोटंसं गोल डीएनए. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं, जणू पेन ड्राइव्हच.

या पेन ड्राइव्हवर पाऱ्यासाठी कुठला प्रोग्रॅम असतो? १९७२मध्ये ॲन समर्स आणि सायमन सिल्व्हर यांनी असं प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय पाण्यातला पारा वाफेच्या रूपात उडवून लावतो हे दाखवलं. पेशीतलं एक विकर पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याचं साध्या धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं, आणि तो पारा हवेत निघून जातो. जिवाणूचा जीव वाचतो, पाणी स्वच्छ होतं. हवेचं काय, हे बघणं जिवाणूचं काम नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हा विषय दूरचा नव्हता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१मध्येच ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. याच संस्थेच्या गोव्यातल्या प्रयोगशाळेतून २००३मध्ये रमैया आणि डे यांनी आपल्या किनारी पाण्यात पारा सोसणारे जिवाणू अनपेक्षितपणे वाढल्याचं मांडलं. त्या जिवाणूंत प्रदूषण साफ करण्याची ताकद होती, आणि पुढच्या कामात ती दाखवलीही गेली. पण या निबंधाचा दुसरा अर्थ मला जास्त थांबवतो. पारा सोसणारे जिवाणू वाढतात ते पारा पोचतो तिथेच. ते प्रदूषणाची लॉग फाइल आहेत. मोजणाऱ्या यंत्राला सुट्टी असते, पाणी नमुन्याच्या दिवशी स्वच्छ असू शकतं, पण चिखलातल्या जिवाणूंच्या जनुकांत गेल्या कित्येक वर्षांची नोंद राहते.

पाऱ्याची वाफ पकडण्याचं काम जर्मनीत झालं. इरेने वाग्नर-डब्लर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी पारा सोसणारे जिवाणू एका बंद टाकीत बसवले आणि कॉस्टिक सोडा-क्लोरीनच्या कारखान्याचं सांडपाणी त्यातून सोडलं. धातुरूप झालेला पारा टाकीतच थेंबांच्या रूपात अडकला, जो निसटला त्याला पुढे कोळशाच्या गाळणीने धरलं. जिवाणू जगभर मिळतात तसेच होते. नवी होती ती टाकीची भिंत, म्हणजे माल उतरवण्याची जागा.

मेलेले जिवाणूही चालतात

धातू पकडायला जिवाणू जिवंत लागतो, असंही नाही. १९७६मध्ये कॅनडात बेव्हरिज आणि मरे यांनी बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या साध्या जिवाणूच्या नुसत्या पेशीभित्तिका घेतल्या आणि त्या धातूंचे आयन कसे ओढून धरतात हे दाखवलं. भिंतीवर कार्बोक्सिल आणि फॉस्फेट गटांचा ऋणभार असतो, धातूच्या आयनांवर धनभार. फुग्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसं काहीसं.

यातून एक व्यावहारिक कल्पना निघाली. प्रतिजैविकं तयार करणाऱ्या कारखान्यांत जिवाणूंचा चोथा टनावारी उरतो. तो फेकण्याऐवजी धातू गाळायला का वापरू नये? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या दिशेने बरीच वर्षं काम झालं. ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या रूपाने सुरू झाली, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने. तिथे किशोर पाकणीकर (पुढे ते संस्थेचे संचालक झाले) आणि पुराणिक यांनी १९९७मध्ये स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम या जिवाणूच्या टाकाऊ चोथ्याने पाण्यातलं शिसं आणि जस्त शोषून घेण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२मध्ये मोकाशी आणि पाकणीकर यांनी ग्रीनच्या हौदातलीच गोष्ट उपयोगाला लावली: मायक्रोबॅक्टेरियम लॅक्टिकम या जिवाणूने आधी आर्सेनाइटचं आर्सेनेट करायचं, आणि मग ते आर्सेनेट पाण्यातून काढायचं.

ही दोन पायऱ्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या पाण्यात आर्सेनाइटवर विद्युतभार जवळपास नसतो, त्यामुळे ते गाळणीला न चिकटता निसटतं. आर्सेनेटवर ऋणभार असतो, त्यामुळे ते लोहाच्या संयुगांना घट्ट चिकटतं. जिवाणूचं काम एवढंच, की निसटणाऱ्या मालाला पकडता येईल अशी मूठ बसवून द्यायची. पकडणारा हात वेगळाच. आणि ज्या चोथ्याची भिंत ऋणभारित असल्यामुळे शिसं पकडते, ती त्याच कारणाने आर्सेनेटला दूर लोटते. 'जड धातू काढणारा जिवाणू' असा सगळ्यांवर चालणारा एकच उपाय नसतो. आधी विचारायला लागतं: कुठला धातू, कुठल्या रूपात, किती अल्कधर्मी पाण्यात?

हा चोथा बाजारात का आला नाही? १९८०च्या दशकात अमेरिका-कॅनडात तसे प्रयत्न झाले, पण कारखान्यांनी आयन-एक्स्चेंजची तयार रेझिनं पसंत केली. रेझिन धुऊन पुन्हा वापरता येतं, त्याची वागणूक दर वेळी सारखी असते, आणि पुरवठादाराला फोन करता येतो. धातूने भरलेल्या चोथ्याचं पुढे काय, याचं उत्तर मात्र दर वेळी नव्याने शोधावं लागायचं. तो जाळला तर धातू पुन्हा राखेत. आपण जिथून निघालो तिथेच.

निळ्या ताटातलं नारिंगी कडं

खानदेशातला धागा इथे जोडला जातो, तो वेगळ्याच धातूपासून: लोहापासून. लोह हा जिवाणूंना विषारी नाही, हवाहवासा धातू. पण मातीत ते गंजाच्या रूपात अडकलेलं असतं. ते मिळवायला जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतात, जो लोहाला चिमट्यासारखा धरून पेशीपर्यंत आणतो. त्याचं नाव सिडेरोफोर. ग्रीक भाषेत याचा अर्थ लोह वाहून नेणारा. शब्दशः लोखंडाचा हमाल.

जळगावच्या विद्यापीठात (१९९०ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालेलं, २०१८पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं) सुधीर चिंचोलकर यांनी या रेणूंवर दीर्घकाळ काम केलं. २००७मध्ये अजित वर्मा आणि चिंचोलकर यांनी संपादित केलेला 'मायक्रोबियल सिडेरोफोर्स' हा ग्रंथ स्प्रिंगर या आंतरराष्ट्रीय प्रकाशनाने काढला. बांभोरीच्या माळावरच्या विद्यापीठातल्या माणसाचं नाव जगातल्या मृदाशास्त्राच्या ग्रंथमालेत गेलं, आणि आपल्याकडे त्याची फारशी बातमीही झाली नाही.

सिडेरोफोर शोधायची चाचणी दिसायला देखणी असते. १९८७मध्ये श्विन आणि नीलॅण्ड्स यांनी ती बसवली. काचेच्या ताटलीत निळ्या रंगाचं माध्यम, त्यात लोह एका रंगद्रव्याला बांधलेलं. त्यावर जिवाणू वाढवायचा. त्याने सिडेरोफोर सोडला की तो रंगद्रव्याकडून लोह हिसकावून घेतो, आणि जिवाणूभोवती निळ्याचं नारिंगी कडं होतं. महागडं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करता येते.

आणि तशी ती झालीही. शहाद्याच्या महाविद्यालयात आर. झेड. सय्यद यांनी सिडेरोफोर तयार करणाऱ्या जिवाणूंवर काम पुढे नेलं. २००९मध्ये सय्यद आणि चिंचोलकर यांनी अल्कॅलिजेनिस फिकॅलिस या जिवाणूवर निबंध लिहिला, तो पिकांवरच्या बुरशीला आवर घालण्यासंबंधी होता. २०१६मध्ये शहाद्याच्याच गटाने जड धातूंनी बिघडलेल्या मातीत असे जिवाणू काय करू शकतात आणि पिकाला कशी मदत करतात, यावर लिहिलं. सिडेरोफोरचा चिमटा लोहासाठी घडलेला असला, तरी त्यात दुसरे धातूही सापडतात, म्हणून हा विषय शेतीतून प्रदूषणाकडे वळू शकला.

इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. ग्रीनने १९१८मध्ये पाहिलेलं आर्सेनाइटचं रूपांतर ज्या विकरामुळे होतं, ते १९९२मध्ये पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं ते अल्कॅलिजेनिस फिकॅलिसमधूनच. आफ्रिकेतल्या गुरांच्या हौदापासून सुरू झालेल्या गोष्टीतला जिवाणू आणि शहाद्याच्या शेतीच्या प्रयोगातला जिवाणू एकाच जातीचे. प्रत्येक वाणात प्रत्येक गुण असतो असं नाही, त्यामुळे लगेच उड्या मारायचं कारण नाही. पण ज्या जातीकडे जग आर्सेनिकसाठी बघतं ती जात हाताळायचं कसब खानदेशात आहे, ही वस्तुस्थिती आहे.

मग दीपनगरच्या राखेच्या पाण्यासाठी ते का वापरू नये? याचं उत्तर देण्याआधी, जिथे हे खरोखर मोठ्या प्रमाणावर चाललं त्या दोन जागा बघायला हव्यात.

दोन ठिकाणं, जिथे ते चाललं

पहिली नेदरलँड्समधली. बुडेल-डॉर्पलाइन या गावात शंभराहून जास्त वर्षं जस्त शुद्ध करण्याचा कारखाना आहे. त्याखालचं भूजल जस्त आणि सल्फेटने बिघडलं होतं. १९९२मध्ये तिथे सल्फेटचं सल्फाइड करणाऱ्या जिवाणूंची टाकी सुरू झाली. हे जिवाणू जुनेच: बायरिंक याने १८९५मध्ये नेदरलँड्समध्येच ते ओळखले होते. ते अल्कोहोलवर जगतात, सल्फाइड तयार करतात, आणि सल्फाइड भेटताच जस्त घट्ट होऊन खाली बसतं. खाली बसलेलं जस्त कुठे जातं? त्याच कारखान्याच्या भट्टीत, पुन्हा जस्त व्हायला. उचलणारा, वाहणारा आणि उतरवून घेणारा, सगळे एकाच कुंपणात. मला वाटतं ही योजना टिकली ती यामुळे.

दुसरी जागा दीपनगरची थोरली बहीण शोभावी अशी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये बेलूज क्रीक नावाचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. त्याच्यासाठी बांधलेल्या तलावात १९७४पासून ॲश पॉन्डचं पाणी सोडलं जात होतं. त्यात सेलेनियम होतं. तलावाच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत ते साठत गेलं. मोठे मासे पटापट मेले नाहीत, त्यांची पिल्लं धड निपजेनात. तलावातल्या माशांच्या २० जातींपैकी १९ नाहीशा झाल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यावर केंद्राने राख पाण्यात कालवणं सोडलं आणि सुकी उचलायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तलाव हळूहळू सावरू लागला.

पुढे धुरातला गंधक धुऊन काढायची यंत्रणा आली आणि तिच्या सांडपाण्यात पुन्हा सेलेनियम आलं. या वेळी, २००८मध्ये, बेलूज क्रीकला जिवाणूंची टाकी बसवली. कोळशाच्या दाण्यांचा थर, त्यावर जिवाणू, आणि त्यांना खायला साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं पोषण. जिवाणू विरघळलेल्या सेलेनियमचं घन सेलेनियम करतात, ते थरात अडकतं, मधूनमधून धुऊन गाळ वेगळा काढतात. २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा सांडपाण्यासाठी जिवाणूंची प्रक्रिया नियमाचा आधार म्हणून धरली. प्रयोगशाळेतली गोष्ट कायद्याच्या कलमात गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. जिवाणू त्या सांडपाण्याचा नळ सांभाळत होते, जुन्या राखेचं तळं नाही. २ फेब्रुवारी २०१४ला त्याच कंपनीच्या डॅन रिव्हर केंद्रातल्या ॲश पॉन्डखालचा पाइप फुटला आणि सुमारे ३९,००० टन राख नदीत गेली. त्यानंतरच्या लढायांचा शेवट झाला तो सुमारे ८ कोटी टन राख उकरून अस्तर घातलेल्या जागेत हलवण्याच्या समझोत्याने. जिवाणूंना पाण्याच्या तोंडाशी बसवता येतं. डोंगर हलवायला डंपरच लागतात.

वेल्हाळ्याच्या बांधावर

आता उत्तर. जिवाणू वापरता येतील, पण शेवटच्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या कंटाळवाण्या आहेत आणि त्यांचे फोटो छान येत नाहीत.

पहिली, राख पाण्यात कालवणंच कमी करणं. आपला कायदा या दिशेने गेलेला आहे. १४ सप्टेंबर १९९९च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळायला सांगितलं. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने सगळी राख वापरणं बंधनकारक केलं, जुनी साठलेली राख संपवायला दहा वर्षांची मुदत दिली, आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लावली. विटेत आणि सिमेंटमध्ये गेलेला धातूही नाहीसा होत नाही, पण तो बराचसा बांधला जातो. हाही पत्ताच बदलणं, फक्त जास्त भरवशाचा पत्ता.

दुसरी पायरी मोजणं. पाण्यात कुठला धातू, कुठल्या रूपात, पावसाळ्यात किती, मे महिन्यात किती. आर्सेनिक एकूण किती एवढं पुरत नाही. आर्सेनाइट किती आणि आर्सेनेट किती, हे कळल्याशिवाय जिवाणू निवडताच येत नाही. आणि हे आकडे आसपासच्या गावांना, शेतकऱ्यांना, मासेमारी करणाऱ्यांना आपल्या फोनवर बघता यायला हवेत.

तिसरी पायरी जिवाणूंची. इथे खानदेशाची बाजू भक्कम आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. बाहेरून आणलेले नाजूक वाण अशा टाकीत तग धरतीलच असं नाही. राखेच्या तळ्याच्या चिखलात जे वर्षानुवर्षं जगले ते या उन्हाला आणि या पाण्याला सरावलेले. ते वेगळे काढायचं, ओळखायचं तंत्र जळगाव-शहाद्याच्या प्रयोगशाळांत आहे. मळीलाही टंचाई नसावी. पण टाकीला रोज खायला द्यावं लागतं, धातू कमी आला त्या दिवशीही. नियंत्रण बघणारा माणूस लागतो, सुट्टीच्या दिवशीही. तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पाचा निधी संपला की टाकी बंद, असं झालं तर थरात अडकलेला धातू परत पाण्यात उतरायला मोकळा. ग्रीनच्या हौदातला दुसरा जिवाणू कुठेच गेलेला नाही.

आणि चौथी पायरी, जिच्याविषयी बातम्यांत कधीच नसतं: गाळ. बुडेलला तो भट्टीत जातो. दीपनगरच्या गाळात आर्सेनिक निघालं तर ते विकत घ्यायला कोणी येणार नाही. तो अस्तर घातलेल्या, नोंद असलेल्या, पन्नास वर्षांनीही सापडेल अशा जागी ठेवायला लागेल, आणि त्याचा खर्च विजेच्या दरात धरायला लागेल. वीज राज्यभर जाते, तर गाळाचा खर्च एकट्या वेल्हाळ्याने का सोसायचा?

ग्रीनला हौदात चोर सापडला, कारण कोणीतरी हौदातलं आर्सेनिक नियमित मोजत होतं आणि हिशेब जुळत नव्हता. शंभर वर्षांत जिवाणूंबद्दलचं ज्ञान प्रचंड वाढलं. जनुकं वाचता येतात, विकरं वेगळी काढता येतात, निळ्या ताटलीत नारिंगी कडं उमटवता येतं. तेव्हा पुढच्या वेळी धातू 'खाणाऱ्या' जिवाणूंची बातमी फोनवर आली, की शेअर करण्याआधी एवढंच विचारा: खाल्लेला धातू आता कुठे आहे, आणि ते कुठल्या वहीत लिहिलंय?